तांब्याचे तीन भार

१९८६ सालच्या डिसेंबरात लता बिऱ्हाडे मॅडम बी.एस्सी.च्या मुलांना घेऊन धुळ्याबाहेरच्या एका वीज उपकेंद्रावर गेल्या. अशी सहल दरवर्षी निघायची. मुलं ट्रान्स्फॉर्मरभोवती फिरायची, तिथले साहेब ठरलेली माहिती सांगायचे, मग कडुनिंबाखाली डबे उघडायचे आणि तिसऱ्या प्रहरी सगळे परत. त्या वर्षी मात्र उपकेंद्रात वीज तोडणारे नवे ब्रेकर बसले होते. साहेबांनी एका लोखंडी कपाटाचं दार उघडलं आणि आतली पांढरी, चिनी मातीची बाटली दाखवली. या बाटलीतली सगळी हवा काढून टाकलेली आहे, ते म्हणाले. आत तांब्याचे दोन तुकडे एकमेकांना टेकलेले असतात. लाइन तोडायची झाली की ते दूर होतात, मधे आर्क, म्हणजे विजेची ज्योत, पेटतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत विझतो.

"हवाच नाही, तर आर्क पेटतो कशात?" लताबाईंनी विचारलं.

"तांब्यात," साहेब म्हणाले. "दुसरं आहे काय तिथे? तांब्याचीच वाफ होते, आणि वीज त्या वाफेतून जाते."

मुलं पुढच्या कपाटाकडे सरकली. लताबाई तिथेच उभ्या राहिल्या. आठ वर्षं त्या धुळ्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होत्या. ट्यूबलाइटमधला वायू, वेल्डिंगची ठिणगी, आकाशातली वीज, सगळं फळ्यावर मांडून झालं होतं. पण त्या प्रत्येक ठिकाणी काहीतरी आधीपासून असायचं, ज्यातून वीज वाट काढायची. इथे काहीच नाही, आणि वीज आपली वाट स्वतःच घडवते, पायाखालच्या धातूतून. परतीच्या गाडीत मुलं अंताक्षरी खेळत होती आणि मॅडम खिडकीला डोकं टेकून त्या बाटलीचा विचार करत होत्या.

लता आधार बिऱ्हाडे मूळच्या धरणगावच्या. आईवडील दोघंही जिनिंगमध्ये कामाला. सरकी निघालेल्या कापसाचे तंतू केसांत घेऊन संध्याकाळी घरी यायचे. बुद्धविहारामागच्या दोन खोल्यांत लता वाढल्या, जळगावच्या वसतिगृहात राहून बी.एस्सी. झाल्या, पुण्याला जाऊन एम.एस्सी. झाल्या आणि धुळ्याला नोकरी लागली तशा तिथल्याच झाल्या. वडील वारले होते. आई, मंजुळाबाई, धरणगाव सोडायला तयार नव्हत्या. लग्नाचा विषय काही वर्षं निघाला, मग निघेनासा झाला. नोकरी चांगली, शिकवणं चांगलं, मुलांत नाव होतं. आयुष्य असंच सरळ चालत राहणार असं त्यांनाही वाटत होतं.

दिवाळीच्या, उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या पुण्याला जायच्या, मैत्रिणीकडे उतरायच्या आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसायच्या. तिथे वाचता वाचता त्यांना जे कळलं, त्याने त्यांची झोप उडाली. निर्वातातल्या आर्कमध्ये धातूवर बारीक बारीक ठिपके पेटतात, डोळ्यांना वेगळे दिसणारही नाहीत इतके बारीक. त्या ठिपक्यांतून धातू उसळून वर येतो आणि त्याच्या अणूंचे इलेक्ट्रॉन निघून जातात. असा इलेक्ट्रॉन गमावलेला अणू म्हणजे आयन. ट्यूबलाइटमध्ये अणूचा बहुतेक वेळा एकच इलेक्ट्रॉन जातो. त्या आर्कमध्ये मात्र तांब्याच्या एका अणूचे दोन, तीन, कधी त्याहून जास्त इलेक्ट्रॉन निघतात. एक गेला तर आयनावर एक विद्युतभार, दोन गेले तर दोन, तीन गेले तर तीन. आणि हे सगळं होतं वीस-एक व्होल्टवर. तिसरा इलेक्ट्रॉन ओढून काढायला याच्या जवळजवळ दुप्पट जोर लागतो. मग तो निघतो कसा?

हे वाचलं तेव्हा लताबाई ग्रंथालयाबाहेर येऊन व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागल्या. पस्तिशीला आलेल्या बाईला एखाद्या प्रश्नाने असं नाचवावं याचं त्यांना स्वतःलाच हसू येत होतं.

पुण्याला डॉ. गिरधर राणे शिकवत होते. यावलकडचे, बोलायला तुटक, पण मनाने खुले. लताबाईंनी त्यांच्याकडे पीएच.डी.साठी नाव घातलं. विषय ठरला: निर्वात आर्कमधल्या आयनांचे भार. सरांची अपेक्षा होती की त्या रजा घेऊन पुण्यालाच येतील. लताबाईंनी सांगितलं की कॉलेज एवढी रजा देणार नाही, आणि दर शनिवारी धरणगावला आईकडे जावं लागतं. काम धुळ्यातच करीन. सर म्हणाले की विभागात जुनी पंपांची जोडी पडून आहे आणि विजेची रेघ पडद्यावर दाखवणारा एक ऑसिलोस्कोपही देता येईल, घेऊन जा.

कॉलेजच्या मागच्या बाजूला पूर्वी बॅटऱ्या ठेवायची खोली होती. ती प्राचार्यांनी दिली. पुढची दीड-दोन वर्षं तिथे उभारणी चालली. हवा ओढणाऱ्या पंपाला थंड ठेवायला सतत वाहतं पाणी लागायचं आणि धुळ्याच्या नळाला एक दिवसाआड पाणी. लताबाईंनी पिंप आणलं, घरातल्या कूलरची मोटर काढून त्यात सोडली आणि तेच पाणी फिरवत ठेवलं. त्या उन्हाळ्यात घरातला कूलर नुसता पंखा झाला. खान्देशातला मे महिना, भिंतीला हात लावला तर चटका बसावा, आणि या बाई घामाने निथळत पंपाशेजारी बसलेल्या. पण पंपाची घरघर एका लयीत लागली की त्यांना बरं वाटायचं.

आर्क पहिल्यांदा पेटला तो एका सकाळी, प्रॅक्टिकलच्या आधी. बटण दाबलं आणि काचेच्या खिडकीआड तांब्याच्या कांडीच्या टोकावर निळसर-हिरवा प्रकाश एकदा चमकून गेला. आवाज जवळजवळ नाहीच. लताबाईंनी पुन्हा दाबलं. पुन्हा चमक. त्यांनी ते इतक्या वेळा दाबलं की प्रॅक्टिकलची मुलं बाहेर खोळंबली, आणि मग मुलांनाही आत घेऊन त्यांनी दाखवलं.

आता भार मोजायचे होते. त्याची युक्ती सोपी होती. आर्कमधून निघालेल्या आयनांना दहा हजार व्होल्टांनी ओढायचं आणि एका लांब नळीत सोडायचं. ज्याच्यावर भार जास्त, त्याला ओढ जास्त बसते, म्हणून तो जास्त वेगाने पळतो. नळीच्या तोंडाशी एक विजेचं गेट ठेवायचं, ते क्षणभर उघडून मिटायचं, म्हणजे आयनांचा एक छोटा घोळका एकदमच सुटतो. नळीच्या दुसऱ्या टोकाला आयन पकडायला धातूची वाटी. तीन भारांचे आयन आधी पोचणार, मग दोनचे, मग एकचे. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर एकामागून एक तीन टेकड्या उठायला हव्यात.

उठल्या दोन. त्याही एकमेकींत घुसलेल्या, पुढची बुटकी, मागची उंच, आणि पुढच्या टेकडीच्या कडेला कसलातरी खांदा. नळी होती मीटरभर. एवढ्या अंतरात घोळके नीट वेगळे होत नव्हते. पण लताबाईंना त्या अर्धवट चित्रातही एक गोष्ट दिसली. गेट आर्क पेटल्यावर लगेच उघडलं तर पुढची टेकडी उंच यायची. थोडं थांबून उघडलं तर ती खाली बसायची आणि मागची वाढायची. म्हणजे आर्क अगदी नवा असताना त्यातले आयन जास्त भार घेऊन येत होते, आणि आर्क जुना होत जाई तसे भार उतरत होते. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाच्याही आत. त्यांनी गेटची वेळ पुढे-मागे करून पुन्हा पुन्हा पाहिलं. दर वेळी तेच.

कॉलेजच्या ऑफिसातून पुण्याला फोन लावला. राणे सरांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की आर्क पेटवताना जो विजेचा धक्का बसतो, तो तारांतून वाटीपर्यंत पोचत असणार. आर्क नवा असताना तो धक्का ताजा असतो, म्हणून पुढची टेकडी उंच दिसते. तुम्ही आयन बघत नाही, गोंगाट बघताय. फोन ठेवल्यावर लताबाईंचा चेहरा उतरला. सरांचं म्हणणं खोडायला त्यांच्याकडे काही नव्हतं. पण मनाला पटतही नव्हतं.

जानेवारीत कॉलेजचे क्रीडा दिवस आले. लताबाईंकडे स्टॉपवॉच घेऊन शेवटच्या रेषेवर उभं राहायचं काम. शंभर मीटरची शर्यत झाली. पहिल्या तिघी मुली इतक्या एकदम आल्या की कोण पुढे यावर पंचांत वाद लागला. मग त्याच मुली चारशे मीटर धावल्या. या वेळी पहिली येऊन पाणी पीत होती तरी तिसरी अजून वळणावरच होती. पंचांना काही विचारायची गरज पडली नाही.

लताबाईंनी स्टॉपवॉच शेजारच्या सरांच्या हातात दिलं आणि मला जरा काम आहे म्हणून सरळ बॅटरीच्या खोलीकडे निघाल्या. अर्ध्या मैदानात त्या चक्क पळत होत्या. नळी दुप्पट लांब केली तर टेकड्या वेगळ्या होतील, हे तर झालंच. पण त्याहून मोठी गोष्ट होती. तारांतून येणारा धक्का नळीच्या लांबीला विचारत नाही, तो पहिल्यासारखा तेव्हाच येईल. आयनांना मात्र दुप्पट अंतर कापावं लागेल, म्हणजे दुप्पट वेळ लागेल. पुढची टेकडी जागेवर राहिली तर सर खरे. ती पडद्यावर दुप्पट लांब सरकली, तर ते तांबं.

नळी कुठून आणायची? आतून गुळगुळीत, न गंजणारी, सांध्यातून कणभर हवा आत न घेणारी. जळगावला शालिग्राम चौधरी दूध डेअऱ्यांच्या स्टीलच्या नळ्या बनवायचे. पन्नाशीचे गृहस्थ, एमआयडीसीत छोटं वर्कशॉप, आर्गन वेल्डिंग स्वतःच्या हाताने करायचे. लताबाई त्यांच्यासमोर कागदावर चित्र काढून बसल्या. नळीत काय जाणार, असं शालिग्रामभाऊंनी विचारलं. तांबं, लताबाईंनी सांगितलं. वितळलेलं? नाही, भाऊ, एकेक अणू. शालिग्रामभाऊंनी हातातला काळा चष्मा खाली ठेवला आणि सांगा बघू नीट म्हणाले. मग लताबाईंनी सांगितलं, अगदी बाटलीपासून क्रीडा दिवसापर्यंत. तासभर वर्कशॉपमधलं काम थांबलं. शालिग्रामभाऊ रोज आर्क पेटवणारे, त्याच्याकडे काळ्या काचेतून बघत आयुष्य गेलेलं. त्याच्या आतले अणू कुणी मोजतं हे ऐकून त्यांना फार मौज वाटली. दुसरी सगळी कामं बाजूला ठेवून त्यांनी नळी बनवली.

ती धुळ्याला आली एसटीच्या टपावरून. एरंडोलला, पारोळ्याला गाडी थांबली की लताबाई खाली उतरून वर बघायच्या. कंडक्टर वैतागला, मग त्यालाही कुतूहल वाटलं, आणि पारोळ्यानंतर तोच उतरून बघू लागला.

नळी जोडली, पंप लावला, आणि हवा काही पुरेशी निघेना. आतला दाब दाखवणारा काटा एका जागी येऊन अडून बसायचा. कुठेतरी गळती होती. लताबाईंनी कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेतलं आणि एकेका सांध्यावरून फिरवत गेल्या, नजर काट्यावर. स्पिरिटची वाफ आत शिरली की काटा हलतो. पहिला सांधा, काही नाही. दुसरा, काही नाही. मधल्या जोडाच्या खालच्या अंगाला बोळा टेकला आणि काटा टुणकन उडाला. भोक डोळ्यांना दिसतही नव्हतं. निरोप गेला आणि दुसऱ्याच दिवशी शालिग्रामभाऊ वेल्डिंगचं सामान टेम्पोत घालून जळगावहून हजर झाले. सांधा पुन्हा भरला. पंप लावला. काटा सावकाश खाली जाऊ लागला, नेहमीच्या जागी अडला नाही, आणखी खाली गेला. शालिग्रामभाऊ म्हणाले की आता मी पाहिल्याशिवाय जायचा नाही.

पण लांब नळीत आयन पांगतात, त्यामुळे पडद्यावरची रेघ इतकी फिकी आली की डोळे ताणूनही धड दिसेना. आणि दिसली तरी क्षणात जाते, राणे सरांना दाखवणार काय? फोटो काढायला हवा होता. आग्रा रोडला निर्मलकुमार ओसवाल यांचा स्टुडिओ होता. मारवाडी घरातला तरुण, घरचं कापडदुकान भावांवर सोडून कॅमेऱ्याच्या नादी लागलेला. लताबाई स्वतः रिक्षाने त्याच्याकडे गेल्या. तो म्हणाला की दुपारी लालचंदशेठच्या मुलाचं लग्न आहे, सकाळचे विधी उरकून मी जरा मोकळाच आहे. कॅमेऱ्यात लग्नाचा रोल अर्धा उरलाय, चालेल का? लताबाई म्हणाल्या, धावेल.

निर्मलकुमार आला तो गळ्यात कॅमेरा, डोक्यावर लग्नातला गुलाबी फेटा आणि हातात स्टुडिओचा काळा पडदा घेऊन. खिडक्यांवर पडदा टाकला, भर दिवसा खोली अंधारी झाली. त्याने ऑसिलोस्कोपसमोर कॅमेरा तिवईवर बसवला आणि रेघ निरखली. एका चमकेत फिल्मवर काही उमटणार नाही, तो म्हणाला. शटर उघडं ठेवतो, तुम्ही आर्क पेटवत राहा, रेघेवर रेघ चढत जाईल. तुमची रेघ दर वेळी एकाच जागी येते ना? लताबाईंनी सांगितलं की तेच तर बघायचंय.

"सुरू करा, मॅडम," निर्मलकुमार अंधारातून म्हणाला.

लताबाईंनी बटण दाबलं. पुन्हा. पुन्हा. खोलीत फक्त पंपाची घरघर आणि बटणाचा टकटक आवाज. शालिग्रामभाऊ काचेच्या खिडकीशी वाकून तांब्याची चमक बघत होते. लताबाईंची नजर पडद्यावर. अंधाराला डोळे सरावले तशी त्यांना ती फिकी हिरवी रेघ दिसू लागली. आणि त्यांचा हात बटणावर थांबला.

टेकड्या तीन होत्या. तीन, वेगवेगळ्या, मधे मोकळी दरी. पहिल्या नळीत जो नुसता खांदा दिसत होता, तो आता सुटून स्वतःच्या पायावर उभा होता. आणि तिन्ही पडद्यावर सरकल्या होत्या. लताबाईंनी पडद्यावरच्या चौकोनांवर बोट ठेवून मोजलं. दुप्पट. बरोबर दुप्पट. तारांतला धक्का अगदी डावीकडे, पूर्वीच्याच जागी, एक बारीक काटा होऊन पडला होता. त्याचा टेकड्यांशी काही संबंध नव्हता.

"थांबू नका," निर्मलकुमार म्हणाला, "शटर उघडं आहे."

त्या भानावर आल्या आणि बटण दाबू लागल्या. हसू फुटत होतं. गेटची वेळ बदलली, आर्क पेटल्यावर लगेच. तीन भारांची टेकडी उंच. मग गेट थोडं थांबून उघडलं. ती बसली, एका भाराची उठली. निर्मलकुमार एकेक फोटो काढत गेला, रोल संपेपर्यंत. रोल संपला तेव्हा त्याला लग्न आठवलं आणि तो फेटा सावरत पळाला. शालिग्रामभाऊंनी विचारलं, झालं? लताबाईंनी त्यांना पडद्यासमोर बसवलं आणि एकेका टेकडीवर बोट ठेवून सांगितलं: हे तीन गमावलेले, हे दोन, हे एक.

रोल धुऊन आला त्यात वधूला हळद लावणाऱ्या बायका होत्या, मुंडावळ्या बांधलेला नवरा होता, आणि मग काळ्या पार्श्वभूमीवर तांब्याचे आयन. घाईत स्टुडिओतून सगळ्याच फोटोंचे प्रिंट लालचंदशेठकडे गेले. दोन दिवसांनी ते पाकीट घेऊन कॉलेजात आले. हे आमच्या लग्नात कुणी काढलं, म्हणून त्यांनी विचारलं. घरात कुणाला वाटलं व्हिडिओवाल्याच्या यंत्राचं चित्र, तर सज्जनबाईंना, त्यांच्या पत्नीला, वाटलं डोंगर आहेत. लताबाईंनी माफी मागितली आणि काय आहे ते सांगितलं. शेठनी सगळं ऐकलं, प्रिंट परत दिले, पण एक ठेवून घेतला. मुलाच्या लग्नाच्या दिवशीचं आहे, असू दे अल्बममध्ये, म्हणाले.

फेब्रुवारीत राणे सर स्वतः आले. स्टेशनवरून थेट बॅटरीच्या खोलीत. चहा नको म्हणाले. प्रत्येक तार हाताने चाचपली, नळी मोजली, गेटची वेळ स्वतः बदलली, बटण स्वतः दाबलं. लताबाई शेजारच्या वर्गात एक तास घेऊन आल्या, तरी सर बटण दाबतच होते. शेवटी त्यांनी खुर्ची मागे सारली.

"बाई, मी तुम्हाला फोनवर गोंगाट म्हणालो होतो," ते म्हणाले. "हे तांबं आहे."

मग कारणही दोघांनी बसून लावलं. आर्क नुकताच पेटलेला असतो तेव्हा आजूबाजूला मोकळं असतं, आयन जसे निघतात तसे पळतात. थोड्या वेळाने धातूची थंड वाफ साचते. त्या वाफेतून जाताना तीन भारांचा आयन एखाद्या साध्या अणूला घासतो, त्याचा एक इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो आणि दोन भारांचा होऊन पुढे जातो. असं असेल तर कांडीपासून दूर जावं तसे भार आणखी उतरायला हवेत. सर म्हणाले, बघा. लताबाईंनी पुढच्या महिन्यात पाहिलं. उतरत होते.

जाता जाता सरांनी बॅगेतून एक झेरॉक्स काढली आणि जरा अवघडून पुढे केली. परदेशातल्या एका प्रयोगशाळेने नवीन आर्कमधल्या जास्त भारांबद्दल नुकतंच छापलं होतं. तुमच्याआधी, सर म्हणाले, मला वाटलं माझ्याकडूनच कळलेलं बरं. लताबाईंनी उभ्या उभ्या आलेख पाहिला. तीच उतरती रेघ. काळजात एकदा कळ उठली हे खरं. पण पुढच्याच क्षणी त्यांनी निर्मलकुमारचा प्रिंट काढून त्या आलेखाशेजारी धरला, आणि त्यांना वेगळंच भरतं आलं. तिकडे समुद्रापलीकडे कुणीतरी, आणि इकडे बॅटरीच्या खोलीत आपण. तांब्याने दोघांना सारखंच उत्तर दिलं होतं. आपलं मोजमाप खरं आहे, हे याहून चांगलं कोण सांगणार? त्यांनी सरांना विचारलं, यांनी दोन धातू एकत्र करून पाहिलेत का? सरांनी आठवून पाहिलं. कांडी एकाच धातूची. मिश्रणाचं त्यांच्या वाचण्यात काही नव्हतं.

सर धुळे स्टेशनला पोचायच्या आतच लताबाईंनी पुढचं काम ठरवलं होतं.

शिसं आणि कथील. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे मिळतं ते सोल्डर, तेच दोन धातू. दोन्ही धातूंच्या अणूंच्या वजनात इतका फरक की नळीत ते एकमेकांत मिसळायचे नाहीत. प्रश्न असा की एकाच ठिपक्यातून दोघं उसळले, तर दोघं आपापल्या सवयीने भार घेतील की एकमेकांच्या संगतीत बदलतील? त्याला तीन वर्षं लागली. मधे जळगावला नवीन विद्यापीठ झालं, कागदपत्रं इकडची तिकडे झाली, पंप एकदा जळाला, पण काम थांबलं नाही. उत्तर असं आलं की बदलतात. एकटं असताना शिसं जेवढे भार घ्यायचं, तेवढेच कथलाच्या संगतीत घेत नव्हतं. फरक थोडा होता, पण दर वेळी येत होता. १९९३ मध्ये लता बिऱ्हाडे डॉक्टर झाल्या. पुढे त्यांच्याकडे दोघी विद्यार्थिनी आल्या, एक भडगावची, एक भुसावळची, आणि ती खोली कधी रिकामी राहिली नाही.

पण सोल्डरचा पहिला दिवस राहिलाच सांगायचा. त्या दिवशी मंजुळाबाई धरणगावहून आल्या होत्या, डोळे दाखवायला. दवाखाना उरकून लेकीने त्यांना कॉलेजात आणलं. खोलीच्या दारात चपला काढून म्हातारी आत आली, पंपाला हात लावून पाहिला, पिंपातलं फिरतं पाणी पाहिलं, आणि काचेच्या खिडकीशी ठेवलेल्या स्टुलावर बसली. लताबाईंनी बटण दाबलं. कांडीच्या टोकावर निळा प्रकाश चमकून गेला.

"हाई काय जयी ऱ्हायनं, लता?" काय जळतंय ते मंजुळाबाईंनी अहिराणीत विचारलं.

"शिसं आनि कथील शे, माय. दोन्ही संगे."

मंजुळाबाईंना कथील माहीत होतं. धरणगावात कल्हईवाला यायचा तेव्हा भांडी घेऊन त्याच्यासमोर बसलेल्या होत्या त्या. पण हे असं उजळणारं कथील त्यांनी पाहिलं नव्हतं. लताबाई एवढ्यात पडद्याकडे वळल्या होत्या. तिथे टेकड्यांची रांगच उठली होती, उंच, बुटक्या, एकमेकींच्या मागे. आधी कथलाच्या दोन भारांची, मग शिशाच्या दोन भारांची, तिला जवळजवळ चिकटून कथलाच्या एका भाराची, आणि सगळ्यांत शेवटी, सावकाश येणारी, शिशाच्या एका भाराची. दोन धातूंचे चार घोळके, कोण कुठे ते स्पष्ट. लताबाईंनी आईला हाताला धरून पडद्यासमोर आणलं. यातलं कथील कोणतं आणि शिसं कोणतं, ते बोटाने दाखवलं. मंजुळाबाई पुढे वाकून बघत राहिल्या. डॉक्टरने नुकतंच औषध घातलेल्या डोळ्यांना ती हिरवी रेघ नीट दिसत होती की नाही कोण जाणे. एवढ्यात रेघ विझली.

"आखो एकदा दखाड," त्या विझलेल्या पडद्याकडे बोट करून म्हणाल्या.

लताबाईंनी बटण दाबलं.